जुन्या फोनचा कैवार

गेल्या पावसाळ्यांत माझा एक भाचा दोन दिवसांच्या सुटीवर इंदुरीस आला होता. हिंजवडीच्या एका कंपनींत तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. नव्या वस्तूंचें त्याला मोठें कौतुक; आणि तें कौतुक ऐकावयास कोणी तरी लागतें म्हणून त्यानें मला एका नव्या ब्राउझरविषयीं सांगावयास सुरुवात केली. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें उघडून दाखविणारें ॲप, हें वाचकांस सांगावयास नकोच. हा नवा ब्राउझर जाहिराती गाळतो, पानें हलकीं करतो, अक्षर मोठें केलें असतां ओळी पडद्याच्या रुंदींत पुन्हां नीट बसवितो, असे त्याचे गुण त्यानें वर्णन केले. मी म्हणालों, "मग माझ्या फोनवर घालून दे." त्यानें माझा फोन हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि हंसून म्हणाला, "मामा, हा फोन आतां गढींत नेऊन ठेवा. याच्यावर नवें कांहीं घालण्यापेक्षां सरळ नवा फोन घ्या."

गढी म्हणजे आमच्या गांवची इंद्रायणीकांठची गढी. सरसेनापति खंडेराव दाभाडे यांनीं ती अठराव्या शतकांत बांधली. तिचा दरवाजा अजून उभा आहे, आणि आंत कडजाईच्या दर्शनास जाणारांस त्याची वाट आजही उपयोगीं पडते. सुमारें तीनशें वर्षांचा दरवाजा आपलें काम करीत आहे, आणि २०१७ सालीं विकत घेतलेला फोन मात्र पुराणवस्तूंत जमा! भाच्याच्या बोलण्यांत अपमान करण्याचा हेतु नव्हता; आपल्या पिढीच्या तोंडीं बसलेलें वाक्य तो बोलला. पण तेंच वाक्य मला खटकलें, आणि आज तें मी वाचकांपुढें ठेवीत आहें.

या फोनची प्रकृति कशी आहे तें आधीं सांगतों. त्याच्या कांचेचा एक कोपरा तडकलेला आहे. बॅटरी एकदां बदलली आहे. पण त्यावरून बोलणें स्वच्छ ऐकूं येतें, छायाचित्रें चांगलीं निघतात, निरोप जातात-येतात, रात्रीं विजेऱ्याचें काम होतें. त्याची स्मृति दोन गिगाबाइट व साठवण सोळा गिगाबाइट. आज हें थोडें वाटतें. परंतु १९६९ सालीं ज्या यानानें माणसें चंद्रावर उतरविलीं त्यांतील संगणकाची स्मृति याच्या तुलनेनें नगण्य होती. असें यंत्र धड असतांना तें मेलें असें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

मी हट्टाला पेटलों. भाचा गेल्यावर तो ब्राउझर मीच त्या फोनवर उतरवून घेतला. प्रथम जागाच पुरेना. साठवणींतील मोठा वांटा फोनच्या स्वतःच्या संसाराला लागतो. उरलेल्यांत नातवंडांचीं छायाचित्रें आणि सकाळच्या शुभेच्छांचीं फुलें. फुलें काढून टाकलीं, छायाचित्रें दुसरीकडे हलविलीं, तेव्हां कोठें ॲप बसलें. पुढें पंधरा दिवस मीं तेंच वापरलें. ज्या वृत्तपत्राचें पान पूर्वींच्या ब्राउझरांत उघडेपर्यंत चहा निवून जात असे, तें आतां पेला तोंडाला लावण्याच्या आंत उघडूं लागलें. अक्षर मोठें केलें तरी ओळ पडद्याबाहेर पळत नाहीं, हें माझ्यासारख्या चष्मा लावणाऱ्या माणसास मोठें सुख झालें. फोन तापणें थांबलें, आणि दुपारींच उतरणारी बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरूं लागली. सारेंच साधलें असें नाहीं. कांहीं पानें कोरीं राहिलीं, कांहींचीं बटणें मुकीं झालीं, आणि चित्रफीत तर क्वचितच चालली. तरी पंधराव्या दिवशीं माझा निष्कर्ष असा झाला कीं, फोन मेलेला नव्हता. त्याच्या पाठीवर ओझें फार लादलें गेलें होतें.

हें ओझें कसलें, तें पाहूं. एचटीटीपी आर्काइव्ह नांवाचा एक उपक्रम जगांतील लक्षावधि संकेतस्थळांचीं पानें नियमानें मोजीत असतो. त्याच्या २०२४ सालच्या मोजणींत मोबाइलवर येणाऱ्या मुखपृष्ठाचें मध्यम वजन दोन मेगाबाइटांहून अधिक भरलें. आतां आपल्या लिपीचा हिशेब घ्या. देवनागरीचें एक चिन्ह इंटरनेटवर पाठविण्यास साधारणतः तीन बाइट लागतात. या मापानें प्रस्तुत लेख सबंध मिळून पन्नास किलोबाइटांच्या आसपास जाईल. म्हणजे ज्या एका पानाच्या मधोमध चार ओळींची बातमी असते, त्याच्या वजनांत असे चाळीस लेख मावतील. मग उरलेली जागा कशानें भरते? चित्रांनीं, जाहिरातींनीं, आणि वाचक कोठें थांबला, कशावर त्यानें बोट ठेविलें याचीं टिपणें घेणाऱ्या प्रोग्रॅमांनीं. वाचावयाचा मजकूर मूठभर आणि त्याच्याभोंवतीं पहारेकरी व फेरीवाले यांची ही गर्दी! नवा फोन हा भार निमूटपणें उचलतो, म्हणून तो दिसत नाहीं. जुना फोन धापा टाकतो, आणि दोष मात्र त्याच्याच माथीं बसतो.

दुसरें कारण आवृत्त्यांचें. ब्राउझरची प्रत्येक नवी आवृत्ति फोनच्या मूळ प्रणालीच्या कांहीं विशिष्ट पिढीपासून पुढेंच चालते. क्रोमची १२० वी आवृत्ति २०२३ च्या डिसेंबरांत आली, तेव्हां अँड्रॉइड ७ चे फोन तिच्याबाहेर राहिले. २०२५ च्या ऑगस्टांत १३९ वी आली, तेव्हां ८ व ९ या पिढ्याही बाहेर पडल्या. यांपैकीं अँड्रॉइड ९ ही २०१८ सालची. व्हॉट्सॲपनें १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या आधींचे फोन सोडले. सीमा कोठें तरी आंखावी लागते, हें मला मान्य आहे. पण सीमेपलीकडे कोण राहिलें, याची विचारपूस सीमा आंखणारानें करावी कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

त्या पलीकडच्या बाजूस कोण आहे, याचें उत्तर मला त्याच पंधरवड्यांत मिळालें. मी निवृत्त शिक्षक. त्यामुळें गांवांतील कागदपत्रांचीं कामें अजून माझ्या ओटीवर येतात. आमच्या आळींतील एक बाई आल्या. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत कामाला आहे. त्यानें नवा फोन घेतला आणि आपला जुना आईला दिला. बाईंस एका सार्वजनिक योजनेचा अर्ज भरावयाचा होता, व तो घरबसल्या फोनवरून भरतां येतो असें त्यांनीं ऐकलें होतें. परंतु पान उघडलें कीं पडद्यावर इंग्रजींत एक वाक्य येई आणि पुढें कांहींच होत नसे. आपला ब्राउझर जुना आहे, नवा घ्यावा, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. बाई म्हणाल्या, "गुरुजी, फोन तर चांगला चालतोय. मंग ह्यो मला दारातनंच माघारी का लावतोय?"

मीं माझा नवा ब्राउझर त्यांच्या फोनवर घातला. या वेळीं पान उघडलें. बाईंनीं नांव सांगितलें, गांव सांगितलें, गट नंबर सांगितला. मीं तें सर्व भरलें. शेवटीं अर्ज दाखल करण्याचें बटण दाबलें, तर तें हूं कीं चूं करीना. तें बटण ज्या प्रोग्रॅमवर चालतें तो नव्या यंत्रांसाठींच लिहिलेला. ब्राउझरनें आपल्या वांट्याचें काम केलें. पानानें केलें नाहीं. अखेर बाई तळेगांवास गेल्या, एका दुकानांत पैसे देऊन अर्ज भरवून घेतला, आणि एक कागद राहिला म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली. ज्यानें तें पान तयार केलें त्याच्या हिशेबवहींत हे दोन दिवस कोठेंही लिहिले जाणार नाहींत.

या प्रसंगानें मला एक गोष्ट उमगली, आणि या लेखाचें सार तींच आहे. जुना फोन म्हणजे केवळ जुनी वस्तु नव्हे. तो घरांतील एका विशिष्ट माणसाच्या हातांत असतो. वाचकांनीं आपल्याच घरांत डोकावून पाहावें. नवा फोन कोण घेतो? जो मिळवितो तो. त्याचा जुना फोन कोणाकडे जातो? पत्नीकडे किंवा आईकडे. तिचा कोणाकडे? अजून न मिळविणाऱ्या मुलीकडे, किंवा दिवाणखान्यांत कोणी बोलाविल्याशिवाय न येणाऱ्या आजोबांकडे. आणि तेथून तो घरकाम करणाऱ्या बाईंकडे जातो, व आपण औदार्य केलें असें समाधान आपणांस वाटतें. म्हणजे फोन जितका जुना, तितका तो धरणाऱ्या माणसाचा घरांतील व समाजांतील आवाज लहान. २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरूं लागले, तेव्हां किती घरांत मुलांच्या हातीं हाच तिसऱ्या पायरीचा फोन आला, हें शिक्षकांस ठाऊक आहे. पान उघडेपर्यंत तास संपून जाई, आणि हजेरीपटांत मुलगा गैरहजर लागे.

म्हणून जेव्हां एखादा प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो कीं, "जुन्या फोनांचा विचार आम्ही सोडला आहे," तेव्हां त्याला ठाऊक असो वा नसो, तो यंत्राविषयीं बोलत नसतो. तो आईविषयीं, आजोबांविषयीं, मोलकरणीविषयीं आणि फी कशीबशी भरणाऱ्या विद्यार्थ्याविषयीं बोलत असतो. आणि आम्ही सुशिक्षित लोक त्या बोलण्याला मान डोलावतों, कारण आमच्या स्वतःच्या खिशांतला फोन नवा असतो.

या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमीं घेतले जातात. त्यांची उत्तरें दिल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. जुन्या प्रणालींतील छिद्रें बुजविण्याचें काम उत्पादक थांबवितात; अशा फोनवर व्यवहार करणें म्हणजे दार उघडें टाकून निजणें होय, असें सांगतात. हा आक्षेप खरा आहे, व तो मी उडवून लावीत नाहीं. बँकेचे व्यवहार अशा फोनवर करूं नयेत, असेंच मी त्या बाईंसही सांगितलें. शिवाय हलका म्हणून कोणताही ब्राउझर डोळे मिटून घ्यावा, असेंही माझें म्हणणें नाहीं. यूसी ब्राउझर हलका होता व आपल्या देशांत फार लोकप्रिय होता. २९ जून २०२० रोजीं सरकारनें देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून बंदी घातलेल्या ५९ ॲपांत तोही होता. कांहीं हलके ब्राउझर पान आधीं आपल्या दूरच्या संगणकावर नेऊन लहान करतात व मग फोनकडे पाठवितात. तेथें आपलें वाचन दुसऱ्याच्या हातावरून येतें, हें विसरतां कामा नये.

परंतु या आक्षेपाच्या मुळाशीं जाऊन पाहा. छिद्रें बुजविणें थांबविलें कोणी? फोन वापरणाऱ्या बाईंनीं नव्हे. ज्यानें कुलूप विकलें त्यानेंच तें दुरुस्त करावयाचें नाकारावें, आणि वर "तुमचें कुलूप कच्चें आहे, नवें घ्या" म्हणून उपदेश करावा, हा न्याय विलक्षण आहे. हें काम अशक्य आहे असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं. गूगलनें २०२३ च्या ऑक्टोबरांत व सॅमसंगनें २०२४ च्या जानेवारींत आपल्या उंची फोनांस सात वर्षें सुधारणा पुरविण्याचें वचन दिलें. युरोपीय संघानें तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला कीं, फोनची विक्री बंद झाल्यापासून निदान पांच वर्षें प्रणालीच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत व सुटे भाग सात वर्षें. महागड्या फोनास व युरोपांतल्या गिऱ्हाइकास जें मिळूं शकतें, तें मावळांतल्या शेतकऱ्याच्या फोनास कां मिळूं नये? आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें, ही चांगली गोष्ट झाली. पण तें माहिती देतें, सक्ती करीत नाहीं. आणि माहितीनें जुनी प्रणाली नवी होत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, मागच्यांसाठीं थांबलें तर पुढें जाणेंच खुंटेल. या आक्षेपाला इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. ऑपेरा मिनी हा ब्राउझर २००५ सालीं नॉर्वेंत निघाला व २००६ पासून जगभर मिळूं लागला. तो साध्या बटणांच्या फोनांसाठींच रचलेला होता. २०१० च्या सुमारास आपल्याकडील पुष्कळ फोनांत देवनागरी नव्हतीच. मराठी पान उघडलें कीं चौकोनांची माळ दिसे. त्या ब्राउझरच्या आंतल्या एका पटलांत एक लहानशी सोय होती. ती चालू केली म्हणजे दूरचा संगणक मराठी अक्षरांचीं चित्रें करून पाठवी, आणि ज्या फोनास 'क' ठाऊक नव्हता त्यावर सबंध मराठी मजकूर वाचतां येई. ही युक्ति तेव्हां मित्रानें मित्रास कानांत सांगितल्यासारखी पसरली. कित्येकांनीं आयुष्यांतला पहिला मराठी मजकूर इंटरनेटवर अशा रीतीनें वाचला. फोन तोच, कांच तीच, बटणें तींच. मनांत आणलें म्हणून त्याला वाचावयास शिकवितां आलें.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. संकेतस्थळ खरें कीं बतावणी, हें फोन प्रमाणपत्रावरून ओळखतो. प्रमाणपत्रें देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी फोनच्या पोटांत असते, व ती जुनी झाली म्हणजे फोन सज्जन संकेतस्थळासही चोर म्हणूं लागतो. लेट्स एन्क्रिप्ट ही विनामूल्य प्रमाणपत्रें देणारी, नफा न घेणारी संस्था आहे. २०२० सालीं तिच्यापुढें पेंच पडला. जुन्या अँड्रॉइडांच्या यादींत तिचें स्वतःचें नांव नव्हतें. ज्या थोरल्या संस्थेच्या आधारावर तिचें काम चाले, तिच्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजीं संपणार होती. आणि असे जुने फोन त्या वेळीं अँड्रॉइडांपैकीं सुमारें एकतृतीयांश होते. आरंभीं संस्थेनें लोकांस फायरफॉक्स वापरण्याचा सल्ला दिला, कारण तो ब्राउझर विश्वासू संस्थांची यादी स्वतःबरोबर आणतो. पण तेवढ्यावर ती थांबली नाहीं. अँड्रॉइड त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासत नाहीं, हें हेरून तिनें थोरल्या संस्थेकडून नवी सही मिळविली, आणि कोट्यवधि फोनांस २०२४ पर्यंत आयुष्य दिलें. यांत कोणाची प्रगति खुंटली? खुंटली नाहीं. कोणी तरी बसून विचार केला, एवढेंच झालें.

याच्या उलटही घडतें. फायरफॉक्सच्याच कर्त्यांनीं कमी ताकदीच्या फोनांसाठीं २०१७ सालीं एक हलका ब्राउझर काढला, आणि २०२१ च्या जूनअखेर त्याचा सांभाळ बंद केला. गरिबासाठीं केलेली सोय ही वर्गणींतून घातलेल्या पाणपोईसारखी असते. उत्साह आहे तोंवर रांजण भरलेला, पुढें कोरडा. म्हणूनच मी ही गोष्ट कोणाच्या भूतदयेवर सोडावयास तयार नाहीं.

तिसरा आक्षेप आमच्या वर्गांत सर्वांत अधिक ऐकूं येतो: फोन आतां स्वस्त झाले आहेत, एवढी ओढाताण करण्यापेक्षां नवा घ्यावा. स्वस्त कोणाला? ज्या घरांत महिन्याच्या अखेरीस कांहीं उरतें त्याला. जेथें तें उरत नाहीं तेथें दर तीन वर्षांनीं येणारा हा खर्च म्हणजे एक नवा करच होय; फरक इतकाच कीं, तो बसविणाऱ्यांस आपण कधीं निवडून दिलेलें नाहीं. आणि टाकलेला फोन जातो कोठें? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा झाला, आणि त्यांतील पावभागाहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. आपल्या आज्यांनीं पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली म्हणून पातेलें उकिरड्यावर टाकलें नाहीं. कल्हईवाल्यास हांक मारली. लुगडें विरलें तर त्याची गोधडी झाली. त्या बायका कंजूष नव्हत्या. वस्तूचें काम संपलें केव्हां हें त्या स्वतः ठरवीत. दुकानदारास ठरवूं देत नसत. हा अधिकार आम्ही एका पिढींत गमावला, आणि गमावला हें आमच्या ध्यानींही आलें नाहीं.

येथें मला आमच्या शेजारच्या तळेगांवची एक गोष्ट आठवते. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंडाची कल्पना काढली व लोकमान्य टिळकांनीं तिचा पुरस्कार केला. दर माणशीं वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. या कल्पनेचें मोठेपण रकमेंत नव्हतें. देशाचें काम आरंभितांना ज्याच्यापाशीं सर्वांत थोडें आहे त्यालाही त्यांत जागा असली पाहिजे, अशा बेतानें ती आंखलेली होती. रुपया देणारांचेंच फंड काढलें असतें तर हिशेब सोपा झाला असता. पण तें देशाचें फंड झालें नसतें. आज हातांतील कांचेच्या तुकड्यावर सारा लोकव्यवहार येऊं घातला आहे. सात-बाराचा उतारा त्यावर, पिकाची नोंद त्यावर, शाळेचा निकाल त्यावर. अशा वेळीं पैसाफंडाची ती कसोटी येथेंही लावली पाहिजे: ज्याच्यापाशीं सर्वांत लहान यंत्र आहे, त्याला या व्यवहारांत जागा आहे कीं नाहीं?

नव्या ॲपांचीं व फोनांचीं जीं परीक्षणें वृत्तपत्रांतून येतात, त्यांना हा प्रश्न पडत नाहीं. परीक्षक बहुधा नव्यांतल्या नव्या फोनवर नवें ॲप चालवून पाहतो आणि तें सुरेख चालतें असा निर्वाळा देतो. न चालावयास त्याला झालें काय! ज्या ग्रंथाची भाषा कर्त्याच्या मित्रांखेरीज कोणास कळत नाहीं, त्याची स्तुति कर्त्याच्या मित्रानेंच करावी, तसा हा प्रकार आहे. ॲपचें खरें परीक्षण व्हावयाचें तर तें आठ वर्षांच्या फोनवर, भंडाऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, आषाढाच्या पावसांत, इंटरनेटचा धागा तुटत-जुळत असतांना झालें पाहिजे. तेथें जें चालेल तें सर्वत्र चालेल. तेथें जें अडेल तें ॲप अपुरें आहे, असें स्पष्ट लिहावें.

तर मग करावें काय? माझ्या मागण्या चार आहेत. पहिली सरकारास. ज्या पानावरून नागरिकास अर्ज करावयाचा असतो, तें पान आठ वर्षांच्या फोनवर तपासून पाहिल्याशिवाय लोकांपुढें ठेवूं नये. आणि तें कोणत्याही कारणानें अडलें तर नकार इंग्रजींत न देतां मराठींत द्यावा, व पुढची वाट सांगावी. अर्जाच्या पानास चित्रांची आरास लागत नाहीं. चार ओळी, चार रकाने आणि एक बटण पुरतें. दुसरी मागणी उत्पादकांस. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी या फोनची सुरक्षितता अमुक तारखेपर्यंत सांभाळूं, असें फोनच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापावें. मग स्वस्त फोन खरोखर किती स्वस्त, हें गिऱ्हाइकास दुकानांतच कळेल. तिसरी माझ्या भाच्यास व त्याच्या व्यवसायबंधूंस. तुमच्या कचेरींत एक जुना फोन टेबलावर ठेवा, आणि तुमचें काम त्यावर चालल्यावांचून पुरें झालें असें म्हणूं नका. हें तुमच्या कौशल्याला लांछन नव्हे, आव्हान आहे. भरपूर सामग्रींतून पक्वान्न कोणीही करील. थोडक्यांत घर जेवूं घालणारीलाच सुगरण म्हणतात.

चौथी मागणी तुम्हां-आम्हांस आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. जुना फोन घरांत कोणास द्यावयाचा असेल तर तो उष्टें पान सारल्यासारखा देऊं नये. त्याची बॅटरी बदलावी, निरुपयोगी ॲपें काढावींत, भरंवशाचा हलका ब्राउझर घालावा, अक्षर मोठें करून द्यावें, आणि ज्याला द्यावयाचा त्याच्या शेजारीं अर्धा तास बसून तो शिकवावा. शिवाय महिन्यांतून एक दिवस घरांतल्या मिळवित्यानें आपला फोन बाजूस ठेवून घरांतला सर्वांत जुना फोन वापरावा, व त्या दिवशींचीं सारीं कामें त्यावर करून पाहावींत. एका दिवसांत त्याला जें कळेल, तें या लेखानें कळणार नाहीं.

माझा भाचा दिवाळींत पुन्हां आला. त्याचा फोन मीं मागून घेतला आणि माझा त्याच्या हातांत दिला, म्हणालों, "आज याच्यावरच राहा." दुपारपर्यंत तो चिडला, संध्याकाळीं गप्प झाला. रात्रीं जेवतांना म्हणाला, "मामा, आमच्याच कंपनीचें एक पान यावर उघडत नाहीं." मीं विचारलें, "मग आतां काय करणार?" तो म्हणाला, "सोमवारीं बघतों." तो सोमवार येऊन गेला. पान उघडूं लागलें कीं नाहीं, हें मी रोज सकाळीं त्याच फोनवर पाहत असतों. अजून उघडलेलें नाहीं.